क्लेम नाकारल्याचं पत्र आलं तेव्हा

(एकल महिलांच्या तालुका मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

मला भाषणाची सवय नाही. मी पिठाची गिरणी चालवते. पट्टा फिरत असताना समोरच्या बाईला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं बोलायची मात्र सवय आहे, म्हणून माईक जरा लांब धरते.

ताई म्हणाल्या, तुझ्या विम्याची हकीगत सांग. मी म्हटलं, त्यात सांगण्यासारखं काय आहे, पैसे मिळाले, संपलं. तर त्या म्हणाल्या, मिळाले ते सांगू नकोस, मधल्या दीड वर्षात काय झालं ते सांग. म्हणून उभी राहिले.

आमचे हे २०२० च्या ऑक्टोबरात गेले. (नाव घ्यायची सवय मला अजून लागलेली नाही. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्याजणींची तीच गत आहे.) सगळीकडे कोरोनाची धास्ती होती, आणि ह्यांना झाला डेंगी. चार दिवस अंगावर काढला. प्लेटलेट उतरल्या तेव्हा साताऱ्याला नेलं. तिसऱ्या दिवशी संपलं. वय त्रेचाळीस. थोरली मुलगी अकरावीला, धाकटा सातवीत, आणि गिरणीवर पतसंस्थेचं कर्ज.

ते कर्ज घेतानाच विमा काढला होता, २०१८ च्या ऑगस्टमध्ये. आठ लाखांचा. वर्षाला साडेसहा हजार हप्ता. विमा आहे हे मला माहीत होतं, कारण एजंट आमच्याच घरी येऊन फॉर्म भरून गेला होता. ह्यांच्या मावसभावाच्या सासरचा माणूस, आम्ही त्यांना मामाच म्हणायचो. कागद कुठं ठेवलाय हेही मला माहीत होतं, ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली. पण त्या कागदात काय लिहिलंय ते मी एकदाही वाचलं नव्हतं. कागद इंग्रजीत होता हे कारण मी पुष्कळ दिवस सांगत होते. पण ते काही खरं नाही. मुलगी इंग्रजी वाचत होती, तिच्याकडून वाचून घेता आला असता. हा पुरुषांचा कागद आहे, आपला नव्हे, असं मनात होतं.

डिसेंबरात क्लेमचे कागद भरून दिले. मृत्यूचा दाखला, दवाखान्याचे पेपर, बँकेचं पासबुक, सगळं. जानेवारीत एक तरुण माणूस चौकशीला आला. चांगला बोलला. चहा घेतला. दवाखान्याचं नाव, गावातल्या डॉक्टरांचं नाव लिहून घेतलं. त्यानंतर काही नाही. आणि २०२१ च्या जूनमध्ये पोस्टमननं पाकीट आणून दिलं.

दोन पानांचं पत्र. मुलीनं वाचलं आणि एका शब्दाशी अडली. ‘रिप्युडिएट’. तिला तो येत नव्हता. हायस्कूलचे एक सर दळणाला यायचे, त्यांना विचारलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी डिक्शनरी बघून सांगितलं की नाकारणं, झिडकारणं. मग जरा घुटमळले आणि म्हणाले, मूळ लॅटिन शब्द नवऱ्यानं बायकोला टाकण्यासाठी वापरायचे. मी गप्प झाले. म्हटलं, बरोबर आहे. आपल्याकडे त्याला ‘टाकलेली’ म्हणतात. माझं लग्न मोडलं नव्हतं, पण त्या कागदानं मला टाकली होती.

पत्रात लिहिलं होतं की विमा घेताना अर्जदारानं मधुमेह आणि उच्च रक्तदाब पाच वर्षांपासून असल्याची माहिती दडवली, सबब दावा नामंजूर. भरलेले हप्ते परत करीत आहोत. आणि खरोखर चार दिवसांनी खात्यात साडेएकोणीस हजार जमा झाले.

आता त्या दिवसातलं मन सांगते, कारण इथं बसलेल्या ज्यांच्या ज्यांच्या हातात असं पत्र आलंय त्यांना ते ओळखीचं वाटेल. पैसे गेले ह्याचं दुःख नंतर. आधी लाज वाटते. माझा नवरा खोटारडा होता असं कुणीतरी छापील कागदावर लिहून पाठवलंय, आणि तो आता उत्तर द्यायला नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘कुणाला दाखवू नको.’ दीर म्हणाले, ‘मोठ्या कंपनीशी कोण भांडणार, आलेत एवढे घे.’ मामांचा फोन लागेनासा झाला. आणि मी, दळणाचे पैसे दोनदा मोजून घेणारी मी, महिनाभर ते पत्र पिठाच्या डब्यामागे ठेवून दिलं.

ते पत्र बाहेर काढलं आपल्या ह्या गटातल्या एका ताईंनी. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मी विसरणार नाही. ‘त्यांना आजार होता का, हे नंतर बघू. आजार होता हे कंपनीनं कशावरून ठरवलं?’

मी म्हटलं, पत्रात लिहिलंय ना. त्या म्हणाल्या, ‘पत्रात लिहिलंय हा पुरावा झाला का? तुझ्याबद्दल कुणी पत्रात काही लिहिलं तर ते खरं होतं का?’

मैत्रिणींनो, माझ्या सगळ्या प्रकरणात मला कळलेली मुख्य गोष्ट हीच. ते पत्र हा निकाल नाही. ते कंपनीचं म्हणणं आहे. आपण त्याला कोर्टाचा हुकूम समजून घरात बसतो.

कायदा काय आहे ते आता मला पाठ झालंय. १९३८ चा विमा कायदा, त्याचं कलम ४५. हे कलम २०१५ मध्ये बदललं. जीवनविम्याची पॉलिसी निघून तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनीला ती कुठल्याही कारणावरून, अगदी कुठल्याही, खोटी म्हणता येत नाही. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती आणि फसवणुकीला अपवाद होता. आता अपवाद नाही. तेव्हा पत्र हातात आलं की आधी पॉलिसीची तारीख आणि मृत्यूची तारीख शेजारी शेजारी लिहा आणि बोटांवर मोजा. आपल्या शेजारच्या गावातल्या एका बाईचं प्रकरण एवढ्या मोजण्यानंच सुटलं. तिच्या नवऱ्याची पॉलिसी तीन वर्षं आणि अकरा दिवसांची होती.

पण ह्यात एक खड्डा आहे. मधे हप्ता थकून पॉलिसी बंद पडली असेल आणि पुन्हा चालू करून घेतली असेल, तर तीन वर्षं त्या पुन्हा चालू केलेल्या तारखेपासून मोजतात. शेतकऱ्याच्या घरात हे नेहमीचं आहे. पाऊस लांबला की हप्ता थकतो, माल विकला की मागचं व्याजासकट भरून पॉलिसी उघडतात. उघडताना पुन्हा तब्येतीचा एक कागद सही करून घेतात. तो कुणी वाचत नाही. दहा वर्षांची जुनी पॉलिसी त्या एका सहीनं नवी होते.

आमचं मात्र तीन वर्षांच्या आतलं होतं. दोन वर्षं दोन महिने. म्हणजे कंपनीला प्रश्न विचारायचा हक्क होता. पण तिथंही कायदा म्हणतो की नाकारायचं असेल तर कोणत्या कारणावरून आणि कोणत्या कागदांच्या आधारानं हे वारसाला लेखी कळवलं पाहिजे. आणि पुढं आणखी महत्त्वाचं. हे फसवणूक म्हणून नाकारताय की चुकीची माहिती दिली म्हणून, ह्यात फरक आहे. फसवणूक म्हटलं तर ती नव्हती हे सिद्ध करायचं ओझं आपल्यावर येतं, माणूस जिवंत नसला तरी. चुकीची माहिती म्हटलं तर हप्ते ९० दिवसांत परत द्यावे लागतात, आणि ही गोष्ट कळली असती तर आम्ही पॉलिसी दिलीच नसती, हे दाखवायचं ओझं कंपनीवर असतं. म्हणजे बघा, ते साडेएकोणीस हजार मला भीक वाटले होते. ताई म्हणाल्या, ‘अगं, ह्यांनी हप्ते परत दिलेत म्हणजे हे स्वतःच फसवणूक म्हणत नाहीत. हा तर तुझ्या बाजूचा कागद झाला.’

पैसे घेतले म्हणजे मान्य केलं असं होऊ नये म्हणून आम्ही लगेच पत्र टाकलं, की ही रक्कम मला न विचारता जमा झाली आहे, मी ती निषेध नोंदवून ठेवत आहे, माझा पूर्ण दावा कायम आहे. आणि त्याच पत्रात कागद मागितले: ह्यांनी भरलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रत, चौकशीचा अहवाल, आणि ज्यावरून पाच वर्षांचा आजार म्हणता तो दवाखान्याचा कागद. तेव्हा रजिस्टर ए.डी.नं पाठवलं होतं. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिळवून टाकलंय, तेव्हा आता स्पीड पोस्टानं पाठवा, पण पोच घ्या. ईमेल येत असेल तर तोही करा. फोनवर मात्र एक शब्द बोलू नका. म्हणजे बोला, पण बोललेलं लगेच लिहून पाठवा. मी सतरा फोन केले होते, त्यातला एकही कुठं नोंदलेला नव्हता.

वीस दिवसांनी प्रती आल्या. आम्ही गिरणी बंद करून ओट्यावर बसलो आणि फॉर्म उलगडला.

सगळा फॉर्म इंग्रजीत. अक्षर मामांचं. आजारांच्या रकान्यात एकाखाली एक ‘नो’, ‘नो’, ‘नो’, एका दमात लिहिलेले. खाली ह्यांची सही, मराठीत, मोडकीतोडकी. सातवी शिकलेला माणूस, त्याला त्यातलं एक अक्षर कळलं नसणार. आणि त्या सहीखाली एक चौकट होती. अर्जदारानं इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत सही केली असेल तर फॉर्म भरणाऱ्यानं तिथं लिहून द्यायचं असतं, की मी ह्यांना सगळा मजकूर त्यांच्या भाषेत समजावून सांगितला. ती चौकट कोरी होती.

ही प्रत खरं तर पॉलिसीबरोबरच द्यायची असते. आमच्या ट्रंकेतही असणार. शालूखाली.

दुसरा कागद दवाखान्याचा. भरती करतानाचा. त्यावर घाईघाईनं एक ओळ खरडली होती की रुग्णाला पाच वर्षांपासून मधुमेह व रक्तदाब. ही ओळ कुणाच्या सांगण्यावरून लिहिली? मी तेव्हा ह्यांच्या उशाशी होते. खाली केसपेपर काढायला दीर गेले होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘डॉक्टरनी विचारलं शुगर-बीपी आहे का, मी म्हटलं आहे. किती वर्षं म्हणाले, मी म्हटलं असेल चार-पाच.’ झालं! भावजींच्या ‘असेल चार-पाच’वर माझे आठ लाख गेले होते.

शुगर ह्यांना होती. पण कधीपासून? मी घरातली प्लॅस्टिकची पिशवी ओतली. प्रत्येक बाईकडे अशी पिशवी असते, जुनी चिठ्ठ्याचपाट्यांची, आणि घरातली माणसं तिला कचरा म्हणतात. त्यात लॅबचा पहिला रिपोर्ट सापडला, मार्च २०१९ चा. म्हणजे पॉलिसीनंतर सात महिन्यांनी. गावातल्या डॉक्टरांनी लिहून दिलं की मधुमेहाचं निदान मीच तेव्हा पहिल्यांदा केलं. माझ्या लढाईतला सगळ्यात भक्कम कागद त्या पिशवीतून निघाला. तेव्हापासून मी एक सुतळीसुद्धा टाकत नाही, मुलं वैतागतात.

आता अवघड भाग. रक्तदाब.

२०१७ च्या उन्हाळ्यात ह्यांना चक्कर आली होती. डॉक्टरांनी महिनाभर बीपीची गोळी दिली. मग बरं वाटलं, गोळी सोडली. हे पॉलिसीच्या आधीचं. आणि फॉर्म भरताना ह्यांनी ते सांगितलं होतं. मी स्वयंपाकघरात चहा ठेवत होते, माझ्या कानांनी ऐकलं. मामा म्हणाले, ‘एवढं कशाला लिहायचं, उगाच मेडिकल करायला लावतील, हप्ता वाढेल.’

दीर म्हणाले, ‘हे तू बोलायचंच नाहीस.’ डॉक्टरांच्या कंपाउंडरनंही निरोप दिला की २०१७ ची चिठ्ठी फाडून टाका. खोटं बोलायचं की नाही हा प्रश्न माझ्यापुढे पंधरा दिवस होता. मी फार सत्यवचनी आहे असं समजू नका. मोह झाला होता. दोन पोरं आणि कर्ज असलं की मोह होतो. शेवटी मी ठरवलं ते निम्मं भीतीनं. म्हटलं, चौकशीवाला गावात फिरून गेलाय, त्याच्याकडे मेडिकल दुकानाचं बिल असलं तर? एक खोटं सापडलं की माझ्या शुगरच्या रिपोर्टवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि निम्मं ह्यासाठी, की ह्यांनी सांगितलं होतं. ते दडवणारे नव्हते. मी आता ते दडवलं, तर कंपनीनं लिहिलेलं मीच खरं करणार.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज केला. ही पायरी चुकवता येत नाही. त्यांचं उत्तर आलं की निर्णय कायम. उत्तर आलंच नाही तरी महिना थांबून पुढं जाता येतं. पुढं म्हणजे विमा लोकपालाकडे. आपल्या जिल्ह्याला पुण्याचं कार्यालय लागतं. फी नाही. वकील चालत नाही, आपल्यालाही नाही आणि कंपनीलाही नाही, हे मला फार आवडलं. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. तेव्हा ३० लाखांपर्यंतचे दावे तिथं चालत, २०२३ पासून ५० लाखांपर्यंत चालतात. अर्ज साध्या भाषेत लिहिला, दीड पान, तारखा घालून.

सुनावणी २०२२ च्या फेब्रुवारीत झाली, मोबाईलवर. मुलीचा फोन गिरणीच्या मापट्यावर टेकवून ठेवला होता. नेटवर्क दारातच यायचं म्हणून दारात बसले. समोर लोकपाल आणि कंपनीचा अधिकारी, एवढ्या एवढ्याशा चौकटीत. मी म्हटलं, मी मराठीत बोलेन. ते म्हणाले, बोला.

त्यांनी विचारलं, ‘तुमच्या पतींना रक्तदाब होता का?’ मी सांगितलं. २०१७, महिनाभर गोळी, फॉर्म भरताना सांगितलं होतं, कुणी काय उत्तर दिलं, मी कुठं उभी होते. सांगताना आवाज कापत होता. दीर मागे उभे होते, त्यांनी कपाळाला हात लावला. मग मी कोऱ्या चौकटीबद्दल बोलले. मग लॅबचा रिपोर्ट. मग म्हटलं, माझा नवरा डेंगीनं गेला. डास काही शुगर बघून चावत नाही.

कंपनीच्या अधिकाऱ्याला त्यांनी तीन-चार गोष्टी विचारल्या. पाच वर्षांच्या आजाराचा केसपेपरवरच्या ओळीशिवाय काही कागद आहे का? ती ओळ लिहिणाऱ्या डॉक्टरचा जबाब आहे का? हे माहीत असतं तर तुम्ही विमा नाकारलाच असता, असा तुमचा नियम दाखवा. त्याच्याकडे नव्हता. तो तरुण होता, त्याचा काही दोष नव्हता. दहा-बारा मिनिटांत संपलं. दीड वर्ष छातीवर बसलेलं ओझं, आणि बारा मिनिटं.

मार्चअखेर निवाडा आला. पूर्ण रक्कम, आधी दिलेले हप्ते वजा करून. एप्रिलमध्ये जमा झाली. व्याज मिळालं नाही. पतसंस्थेनं त्या दीड वर्षाचं व्याज मात्र माझ्याकडून पै न् पै घेतलं.

आता मला जे जमलं ते प्रत्येकीला जमेल असं मी सांगणार नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका विधवेचा निकाल लागला. नवऱ्यानं कंबरेच्या मणक्याचं दुखणं फॉर्ममध्ये लिहिलं नव्हतं आणि तो हृदयविकारानं गेला. न्यायालय म्हणालं, त्या दुखण्याचा मृत्यूशी संबंध नाही, पैसे द्या. पण २०१९ मध्ये त्याच न्यायालयात दुसरी विधवा हरली. तिच्या नवऱ्यानं दुसऱ्या कंपनीची मोठी पॉलिसी असल्याचं लिहिलं नव्हतं. फॉर्म न वाचता सही केली, एजंटनं भरला, हे तिथं चाललं नाही. जो सही करतो तो बांधला जातो, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे माझी ती कोरी चौकट एकटी असती तर मला तारलं असतं असं मला वाटत नाही. पिशवीतला रिपोर्ट होता म्हणून.

आणि एक बाई माझ्याकडे आली होती. नवरा वर्षभर डायलिसिसवर, आणि त्या अवस्थेत एजंटनं त्याची दहा लाखांची पॉलिसी काढून दिलेली. पाच महिन्यांत गेला. मी तिला तोंडावर सांगितलं, हे मिळणार नाही, ह्यात वकिलाला पैसे घालू नको. ती रागावली. म्हणाली, तुला मिळाले म्हणून तू असं बोलतेस. अजून बोलत नाही माझ्याशी. एजंटाला कमिशन मिळालं. घरातले हप्त्याचे पैसे गेले, तिच्या बांगड्या मोडून भरलेले. पॉलिसी काढलीय हे तिला नवरा गेल्यावर कळलं, बांगड्या कशासाठी मोडल्या तेही तेव्हाच कळलं. ह्या बाईचा राग मला समजतो.

शेतीवाल्या बायांसाठी एक वेगळी गोष्ट. शेतकरी अपघात विम्याचे नाकारलेले कागद मी पुष्कळ बघितले. २०१६ मध्ये आमच्या वाडीतली एक बाई भांगलताना साप चावून गेली. जन्मभर रानात राबलेली. क्लेम नामंजूर. कारण काय, तर मयत ही शेतकरी नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. सातबारा नवऱ्याच्या नावावर. तो जर साप चावून गेला असता तर हिला दोन लाख मिळाले असते. ही गेली म्हणून त्याला काहीच नाही. बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायचा लक्ष्मी मुक्तीचा शासननिर्णय १९९२ सालचा आहे, पण तलाठ्याकडे जाणार कोण? २०१९ मध्ये सातबाऱ्यावर नसलेलं कुटुंबातलं आणखी एक माणूस ह्या योजनेत घेतलं. आणि २०२३ च्या एप्रिलपासून विमा कंपनी मधून काढूनच टाकली. आता ते सरकारी सानुग्रह अनुदान आहे, मृत्यूला दोन लाख, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. बाळंतपणातला मृत्यूही त्यात धरलाय, हे फारसं कुणाला ठाऊक नाही. पण अर्ज ३० दिवसांत करायचा असतो. तेरावं होईपर्यंत निम्मे दिवस जातात. तेव्हा घरातल्या बाईला रडू द्या आणि गटातल्या दुसरीनं कागद हातात घ्या.

उशीर झाला म्हणून कंपनीनं क्लेम नाकारला असेल तर तेही मुकाट्यानं घेऊ नका. नुसत्या उशिराच्या कारणावरून खरा क्लेम नाकारू नका, असं विमा प्राधिकरणानं सप्टेंबर २०११ मध्येच कंपन्यांना लिहिलेलं आहे. उशीर का झाला ते मात्र लिहा. बाई सुतकात होती, तिला कागद ठाऊक नव्हता, हे कारण आहे. ते लाजून लपवायचं नाही.

लोकपालाकडे हरलात तर ग्राहक आयोग आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी. दोन वर्षांची मुदत. हप्त्यांपोटी भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, कंपनीच्या मागे मुंबईला जायला नको. दोन्हीकडे एकाच वेळी मात्र जाता येत नाही. आणि नुसतं कुठं जायचं हे विचारायचं असेल तर प्राधिकरणाचा फोन १५५२५५, फुकट आहे.

आजारपणाच्या विम्याचं मला फार कळत नाही. एवढं बघितलंय की पिशवी काढायच्या ऑपरेशनचे क्लेम आपल्या बायांचे सारखे परत येतात. बहुतेक पॉलिसीत त्याला पहिली दोन वर्षं बंदी असते. एजंट ते सांगत नाही, आणि आपण विचारत नाही, कारण एजंट पुरुष आणि विषय पिशवीचा. नवी पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस ती परत करता येते. त्या ३० दिवसांत कुणाकडून तरी वाचून घ्या, आणि लाजू नका.

माझ्या घरी काय झालं ते राहिलंच. कर्ज फिटलं. मुलगी नर्सिंगला आहे. दीर आता गावात सगळ्यांना सांगतात, ‘आमच्या वहिनींनी कंपनीला नमवलं.’ केसपेपरवरच्या ओळीचं ते सांगत नाहीत. मामा पुढच्या दिवाळीला आले. मी चहा दिला. त्यांनी विचारलं, मुलीच्या नावानं एक पॉलिसी काढायची का? मी म्हटलं, काढू, फॉर्म इथं ठेवून जा. आम्ही दोघी भरतो.

बरं, जेवणाची घंटा झाली. ज्यांनी ज्यांनी पत्रं आणलीत त्यांनी जेवण झाल्यावर मागच्या खोलीत या. पाकीट टाकून देऊ नका, त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्याची तारीख लागते. आणि पिशव्या आणल्या असतील तर त्याही घेऊन या.